बॉनेटखालचं साहित्य

परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड जडते. त्याच्या हातात काहीही द्या, तो ते आधी उलटून बघतो. मी पस्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि त्या काळात निदान दोनशे पुस्तकांवर अभिप्राय दिले. त्यांतली बरीचशी मी वाचलीही होती. निवृत्त झाल्यावर पुस्तकं यायची थांबली, पण खोड काही थांबली नाही. मग मी मिळेल त्या वस्तूचं परीक्षण करू लागलो. पहिल्यांदा घरातल्या भाजीचं केलं. त्यावर स्वयंपाकघरातून जो अभिप्राय आला तो ऐकून तो विषय कायमचा सोडला आणि मोटारींकडं वळलो. मोटार उलट बोलत नाही. निदान पूर्वीच्या बोलत नव्हत्या.

तसं निमित्तही होतं. आमची गाडी म्हातारी झाली, नवी घ्यायची ठरलं आणि घरात सल्लागारांची रीघ लागली. मेहुणे म्हणाले, ‘ॲव्हरेज बघा.’ शेजारचे म्हणाले, ‘रीसेल बघा.’ नातू म्हणाला, ‘स्क्रीन केवढा आहे ते बघा.’ शोरूममधल्या मुलाला मी विचारलं, ‘बाळ, ही रस्त्यात बंद पडली तर मी काय करायचं?’ तो गोड हसून म्हणाला, ‘सर, तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त फोन करायचा.’

‘तुम्ही काहीच करायचं नाही’ हे वाक्य माणसानं आयुष्यात दोनदाच ऐकावं. एकदा मुलाच्या लग्नात आणि एकदा ऑपरेशनच्या टेबलावर. मोटारीच्या दुकानात ते ऐकल्यावर माझं डोकं तापलं. मी घरी आलो आणि लिहायला बसलो : आपल्या हातानं दुरुस्त करायला कुठली मोटार सोपी आणि कुठली अवघड?

या विषयावर बोलायचा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. पहिला अधिकार म्हणजे मी सोलापूरचा. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. जहाजं, विमानं आणि मोटारी आपल्याच देशात झाल्या पाहिजेत, असा ध्यास घेतलेला माणूस समुद्रापासून इतक्या लांब जन्माला यावा, हे सोलापूरलाच शोभतं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या सहकार्यानं डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली आणि तिचंच नाव पुढं पद्मिनी झालं. म्हणजे नात्यानं बघितलं तर पद्मिनी आमच्या गावची नात लागते. दुसरा अधिकार म्हणजे, विजापूर वेशीकडच्या एका गॅरेजात लाकडी स्टुलावर बसून मी जेवढे तास काढले, तेवढे ग्रंथालयात काढले असते तर डॉक्टरेट मिळाली असती.

एक खुलासा आधीच करतो. ज्या दोन गाड्यांनी मला स्वतःला रस्त्यात उभं केलं, त्यांची नावं मी घेणार नाही. आमच्या आईनं उखाणा सोडला तर जन्मभर अण्णांचं नाव घेतलं नाही. तक्रारी मात्र रोज केल्या. तोच दंडक मी इथं पाळणार आहे.

समीक्षेला निकष लागतात. मी चार ठरवले. एक, हात पोचतो का? दोन, पाने किती लागतात? तीन, बिघाड स्वतः बोलतो, की त्याला दुभाष्या लागतो? आणि चार, सुटा भाग मिळतो का, नसेल मिळत तर घरातल्या कुठल्या वस्तूवर भागतं?

पहिल्या निकषावर पहिला नंबर स्टँडर्ड हेरल्डचा. मद्रासला तयार होणारी ही ट्रायम्फ घराण्यातली गाडी. बाकीच्या गाड्यांचं बॉनेट उघडतं. हिचा सगळा मोहराच, दोन्ही मडगार्डांसकट, पुढं कलंडायचा. इंजिन असं उघडं पडायचं की मिस्त्री पुढच्या टायरवर बैठक मारून, चहाचा कप हाताशी ठेवून काम करायचे. पाठ वाकवायची नाही की मान वेडीवाकडी करायची नाही. पण चौथ्या निकषावर ती मागं पडली. कारखान्यातून गाडी यायची बंद झाली तसे सुटे भागही दुर्मीळ झाले. पुस्तक उत्तम, आवृत्ती संपलेली.

अँबॅसडर म्हणजे महाकाव्य. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली आणि २०१४ साली थांबलेली. मधे मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर अशा आवृत्त्या निघाल्या. पण क्रमिक पुस्तकासारखं मुखपृष्ठ बदललं, तरी धडे बरेचसे तेच. इंजिनाभोवती इतकी मोकळी जागा की हातातून पाना निसटला तर तो इमानदारीत जमिनीवर पडायचा. हल्लीच्या गाडीत निसटलेला नट जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो आत कुठंतरी कायमचा वस्तीला राहतो आणि खड्ड्यातून जाताना आपली आठवण करून देतो.

अँबॅसडरची अडचण एकच. तिचे नटबोल्ट इंचात आणि फियाटचे मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. जोर लावला की बोल्टाचे कोपरे गोल होतात आणि मग त्याला परमेश्वरसुद्धा सोडवत नाही. गॅरेजातला पोरगा हे पाप रोज करायचा आणि मिस्त्री ओरडायचे, ‘काय करलालास बे तिथं? इंचाचा घे, इंचाचा!’ जगातले निम्मे गैरसमज या ०.३ मिलिमीटरमुळं होतात, असं माझं मत आहे. बसल्यासारखं वाटतं, जोर लावला जातो आणि कोपरे झिजतात.

फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही लघुकथा. १०८९ सीसी, चार सिलिंडर, पात्रं मोजकी आणि कथानक सरळ. गाडी बंद पडली की दोनच प्रश्न विचारायचे. ठिणगी पडते का? पेट्रोल येतं का? ठिणगीचं मूळ डिलकोच्या आत. तिथं पॉइंट नावाची चिमुकली जोडी सारखी उघडझाप करते आणि ती उघडली की कॉइलमधून ठिणगी निघते. पॉइंट जळून काळे पडले की काचपेपरनं घासायचे आणि मधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायचं. त्यासाठी फिलर गेज असतं. नसलं तर आमचे मिस्त्री लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बघायचे. सोलापुरातली कित्येक लग्नं मोडली असतील. त्यांच्या पत्रिकांवर गाड्या मात्र सुरळीत चालल्या. पेट्रोल येत नसेल तर कार्बोरेटरचा जेट काढायचा आणि तोंडानं फुंकायचा. पेट्रोलची चव वाईट असते, पण ती कुठंतरी वाचलेली नव्हे, स्वतः घेतलेली चव असते. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा अडकला तर खाली उतरून, बॉनेट उघडून, सळई हातानं हलवायची. पुन्हा गाडीत बसेपर्यंत मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे पिढ्यान् पिढ्या केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला मोठ्या माणसासारखा निरोप दिला.

चौथ्या निकषावर तर या पिढीच्या गाड्यांना तोडच नाही. रेडिएटर गळायला लागला, घाला हळद. पेट्रोलची टाकी झिरपते, चोळा कपडे धुवायचा साबण. ॲक्सिलरेटरची तार तुटली, बांधा नाडी. म्हणजे स्पेअर पार्ट्सचं दुकान बंद असलं तरी किराणा दुकान उघडं असलं की भागायचं.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि मोटारवाङ्मयात नवकविता आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. आमच्या गॅरेजात पहिली मारुती आली तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट उघडून तिच्याकडं टक लावून बघितलं, तीन प्लग दोनदा मोजले आणि मला विचारलं, ‘सर, चौथा राहिला का कंपनीत?’ पण महिनाभरात त्यांची तिच्याशी गट्टी जमली. कारण कितीही आधुनिक दिसली तरी सुरुवातीच्या मारुतीत कार्बोरेटर होता, डिलको होता. छंद बदलला होता, व्याकरण तेच होतं.

हात पोचण्याच्या निकषावर मात्र तिच्याच घरातली ओम्नी नापास. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. सोलापूरच्या मे महिन्यात माणसानं इंजिनावर का बसावं, या प्रश्नाला मला आजवर उत्तर मिळालेलं नाही. २००९ साली आलेल्या नॅनोचं इंजिन मागं आणि सुरुवातीच्या मॉडेलचं मागचं दार बाहेरून उघडतच नव्हतं. सीट पाडून आतून जायचं. गाडी लहान, प्रस्तावना मोठी.

पण या सगळ्या झाल्या आपल्या गल्लीतल्या अडचणी. अवघडपणाची खरी उंची बघायची तर जर्मनीला जावं. ऑडीच्या एस-फोर गाडीत काही वर्षं जे आठ सिलिंडरचं इंजिन यायचं, त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडं. तिथलं काम निघालं की बहुधा अख्खं इंजिनच बाहेर काढावं लागतं. हे म्हणजे कपाटामागं पडलेलं पेन काढायला घर पाडण्यासारखं आहे.

इथपर्यंत लिहून मी लेख आमच्या मिस्त्रींना वाचून दाखवला. आता त्यांना दिसायला कमी झालंय, पण ऐकायला उत्तम येतं. इंजिन ऐकून ऐकून तयार झालेला कान आहे. ते म्हणाले, ‘चांगलं लिहिलंय सर. पण तुम्ही नुसत्या जुन्याला जुनं म्हणून मिठी मारलालाय. त्या गाड्या सोप्या होत्या, बरोबर. पण कशामुळं होत्या? रोज बिघडायच्या म्हणून.’

मी गप्प बसलो. समीक्षकाला असं उघडं पाडायची रीत नाही. पण म्हणणं खरं होतं. डिलकोचे पॉइंट आपण घासू शकत होतो, हा गुण. पण ते दर काही हजार किलोमीटरला घासावेच लागायचे, हा दोष. आणि दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले. नव्या गाडीत पॉइंटच नाहीत, तेव्हा ते जळतही नाहीत. कार्बोरेटर पेट्रोल अंदाजपंचे द्यायचा. इंजेक्शनची यंत्रणा मोजून देते, म्हणून धूर कमी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले. त्यासाठी गाडीला आपला धूर स्वतःच सतत तपासावा लागतो. ते काम सेन्सरचं आणि सेन्सर काही काचपेपरनं घासता येत नाही.

तेव्हा निकष सुधारून घेतो. दुर्बोधता दोन प्रकारची असते, हे मी मुलांना वर्गात शिकवायचो. एक आशयातून येते. लेखकाला सांगायचंय तेच गुंतागुंतीचं असतं, त्याला इलाज नाही. दुसरी लेखकानं मुद्दाम आणलेली असते, म्हणजे वाचकानं सारखं त्याच्याकडंच अर्थ विचारायला यावं. मोटारींचंही तसंच आहे. हवा स्वच्छ राहावी, धडक बसली तर माणूस वाचावा, यासाठी आलेली गुंतागुंत पहिल्या प्रकारची. तिला मी हात जोडतो. पण दिव्याचा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागतो, बिघाडाचा नंबर फक्त कंपनीच्याच यंत्राला सांगितला जातो, ही दुसऱ्या प्रकारची. तिथं मी हात जोडत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ साली कायदाच केला, की गाडीच्या दुरुस्तीची माहिती कंपनीनं बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही दिली पाहिजे. आपल्याकडं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं २०२२ च्या जुलैत यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, माहितीचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. म्हणजे मी एकटाच तऱ्हेवाईक नाही.

आता त्या दोन गाड्या.

पहिली अण्णांची, सेकंडहँड घेतलेली. १९७९ चा मे महिना. तुळजापूरहून दर्शन घेऊन आम्ही भर दुपारी परत निघालो होतो. अण्णा, आई आणि मी. आईला ऊन लागलं होतं. डोक्यावर ओला टॉवेल, सोलापुरी, चांगला जाड; आणि मांडीवर फिरकीचा तांब्या. तामलवाडीच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. रस्त्यावर झाड नाही, माणूस नाही. अण्णांनी बॉनेट उघडून पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. त्या काळच्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असायचा. इंजिन तापलं की पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ चघळत बसायचा. इलाज सगळ्यांना माहीत होता : पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि पाणी शिंपडत राहायचं.

पाणी तेवढ्या तांब्यातच होतं, अर्ध्याहून कमी.

अण्णा तांब्याकडं बघेनात. मी अण्णांकडं बघेना. बिघाड कळत होता, इलाज कळत होता, हात पोचत होता. माझे चारही निकष पूर्ण होत होते आणि तरी आम्ही दोघं पुरुष तिथं खांबासारखे उभे. शेवटी आईच गाडीतून उतरली. डोक्यावरचा टॉवेल काढून अण्णांच्या हातात देत म्हणाली, ‘अहो, बघत काय बसलाय? मी प्याले तर घोटभर होईल आणि गाडी इथंच राहील. गाडीला घाला. ती चालली तर घरी माठ भरलेलाय.’

पंपाला टॉवेल गुंडाळला. अण्णा थेंब थेंब पाणी सोडत होते आणि मी आईवर वर्तमानपत्रानं वारा घालत होतो. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. घरी आल्यावर आई दोन दिवस आडवी होती. तिसऱ्या दिवशी उठून तिनं पहिली चौकशी केली ती टॉवेलची. त्याला लागलेला तेलाचा डाग शेवटपर्यंत गेला नाही आणि अण्णांना त्याबद्दल शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

दुसरी गाडी आत्ताची. गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटहून येताना ती थांबली. आचका नाही, धूर नाही. स्क्रीनवर एक पिवळं चित्र आलं आणि खाली इंग्रजीत सूचना, सेवा केंद्राशी संपर्क साधा. मी सवयीनं उतरून बॉनेट उघडलं. आत काळ्या प्लॅस्टिकचं एक गुळगुळीत झाकण होतं, बंद दारासारखं. सौभाग्यवती मागून आली, तिनंही बघितलं आणि हातातली बाटली पुढं केली. आमच्या घराण्याची तामलवाडीची कथा तिला पाठ आहे. ‘अहो, हे घालायचं का कुठं?’

बाटल्या चार होत्या, गार. पाणी ओतायला जागा नव्हती.

फोन लावला. दीड तासानं माणसं आली आणि गाडी उचलून घेऊन गेली. तेवढा वेळ आम्ही एका टपरीत बसलो, चहा प्यालो, भजी खाल्ली. त्रास म्हणावा तर काहीच झाला नाही. न्यायानं हेही नोंदवलं पाहिजे, की सहा वर्षांत ती गाडी तेवढी एकदाच थांबली. अण्णांची दर दोन प्रवासांना एकदा थांबायची. आणि नव्या गाडीचा पंप टाकीतच असतो, पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो; वाफेची ती जुनी भानगड आता सहसा होतच नाही. १९७९ साली आमच्याकडं ही गाडी असती तर आईला उतरावंच लागलं नसतं. हिशेब मांडला तर नवी गाडीच चांगली. मी पुन्हा पुन्हा मांडून बघितला, उत्तर तेच येतं.

तरी त्या दीड तासात मी तीनदा उठून गाडीपाशी गेलो आणि झाकणावर हात ठेवून परत आलो.

मिस्त्रींनी आता गॅरेज मुलाच्या ताब्यात दिलंय. मुलाकडं छोटा स्कॅनर आहे. तो स्टिअरिंगखाली खुपसला की बिघाडाचा नंबर येतो. कधी पुरा येतो, कधी कंपनी अर्धाच सांगते. मिस्त्री जवळ स्टुलावर बसून विचारतात, ‘काय म्हणते रे?’ मुलगा नंबर वाचतो. ते म्हणतात, ‘तसं नाही बे. आवाज कसा येतोय?’ आणि गंमत म्हणजे अधूनमधून त्यांचंच बरोबर निघतं.

परवा आम्ही पुन्हा शोरूमला गेलो. त्या मुलानं या वेळी विजेवरची गाडी दाखवली. ‘सर, हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. ऑइल नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही.’ आत नारिंगी रंगाच्या जाड केबली होत्या. मी बोट पुढं केलं, तो केवढ्यानं ओरडला! तिथं म्हणे शेकडो व्होल्ट असतात. नारिंगी रंग त्याचीच खूण. म्हणजे निकष क्रमांक एक, हात पोचतो का? पोचतो. पोचू नये, एवढंच.

सौभाग्यवतीनं रंग बघितला नाही, स्क्रीनही बघितला नाही. तिनं विचारलं, ‘दिव्याचा बल्ब घरी बदलता येतो का? स्टेपनी आहे का? आणि आमच्या मिस्त्रींच्या मुलाला यातली माहिती तुमची कंपनी देणार का?’

पोरगा पहिल्यांदाच गोड हसला नाही. ‘मॅडम, साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाला आणि आत गेला. अजून त्याचा फोन आलेला नाही. तोपर्यंत आमची जुनीच चालू आहे. डिकीत चार बाटल्या पाणी आणि एक सोलापुरी टॉवेल असतो. उपयोग काही नाही, पण असतो.